स्मृतिभ्रंश आणि संकटकाळाची पूर्वतयारी

मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला की, यवतमाळ जिल्ह्यातील गावे दिवसभर ओस पडतात. धडधाकट माणसे पेरणीला जातात. घरी राहतात ती म्हातारी माणसे आणि लहान मुले. अशाच एखाद्या घरात सासूबाईंना स्मृतिभ्रंश झालेला असतो आणि त्यांचे सर्व काही घरची सून करीत असते. सासूबाईंना कोणती गोळी कोणत्या वेळी द्यावयाची. डोक्यावर पाणी ओतले की त्या घाबरतात, म्हणून अंग पुसूनच घ्यावयाचे. दिवेलागणीच्या सुमारास त्या 'घरी जायचे' म्हणून उठतात, तेव्हा त्यांच्या हाती कापूस देऊन वाती वळावयास बसवायचे. हे सारे त्या सुनेलाच ठाऊक असते. कोणी विचारलेले नसते आणि तिने कोणाला सांगितलेलेही नसते.

आता असे समजावे की, एके दिवशी शेतात त्या सुनेलाच साप चावला. तिला रुग्णवाहिकेतून तातडीने रुग्णालयात हलविण्यात आले. पतीही बरोबर गेला. सायंकाळी घरी कोण? शेजारीण मदतीला धावून येईल, यात शंका नाही. परंतु गोळ्यांच्या तीन पट्ट्यांतील कोणती द्यावयाची, हे ती कसे जाणणार? दाराकडे निघालेल्या सासूबाईंना ती दंडाला धरून अडवील आणि त्या ओरडू लागतील. रात्र पडेपर्यंत एका संकटातून दुसरे संकट उभे राहिलेले असेल.

या प्रसंगाचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. एकीची स्मृती गेली, म्हणून दुसरी दोघींची स्मृती सांभाळत होती. ती दुसरी दूर होताच घराला काहीच आठवेनासे झाले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबाने संकटकाळासाठी काय तयारी करावी, या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. शुश्रूषा करणाऱ्या माणसाच्या डोक्यात जे आहे ते कागदावर उतरविणे आणि ते जाणणारे दुसरे माणूस तयार करणे, ही त्या तयारीची पहिली पायरी होय.

हा आजार आहे, म्हातारचळ नव्हे

'साठी बुद्धी नाठी' या म्हणीने एका आजाराकडे पिढ्यान्पिढ्या दुर्लक्ष होत आले आहे. वयोमानानुसार एखादे नाव चटकन न आठवणे निराळे आणि स्वतःच्या मुलाला न ओळखणे, जेवण झाल्याचे विसरणे, रोजच्या वाटेवर चुकणे निराळे. मेंदूच्या पेशींचा हळूहळू ऱ्हास झाल्याने ही अवस्था येते. तिच्या अनेक प्रकारांपैकी अल्झायमरचा आजार हा सर्वाधिक आढळणारा प्रकार असून, जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याचे प्रथम वर्णन केले. मेंदूला होणाऱ्या रक्तपुरवठ्यातील दोषामुळेही स्मृतिभ्रंश होतो. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड ग्रंथीचे विकार अशा काही कारणांनी येणारे विस्मरण मात्र उपचाराने सुधारू शकते. यास्तव घरच्या घरी निष्कर्ष न काढता वैद्यकीय तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार, भारतातील साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींपैकी ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचे, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख रुग्ण असल्याचे अनुमान निघाले. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. राष्ट्रीय सरासरी प्रत्येक गावास तंतोतंत लागू पडेल असे नाही. तथापि ज्या गावात साठीवरील २०० माणसे आहेत, तेथे या प्रमाणाने १४-१५ घरांत हा प्रश्न असावा, असा अंदाज करता येतो. बहुतेक गावांत मात्र असे एकही नाव कोणत्याही नोंदवहीत आढळणार नाही.

संकटे कोणती?

अशा कुटुंबावर येणारी संकटे मुख्यतः चार प्रकारची असतात. शुश्रूषा करणारी व्यक्ती अचानक आजारी पडणे किंवा दगावणे, हे पहिले. रुग्ण घरातून निघून जाणे व न सापडणे, हे दुसरे. रुग्णाची प्रकृती एकाएकी बिघडणे, हे तिसरे. आणि पूर, आग, उष्णतेची लाट यांसारखी आपत्ती, हे चौथे. यांपैकी एकही संकट सांगून येत नाही. परंतु चारही संकटे येऊ शकतात हे आधीच ठाऊक असते. पूर्वतयारीस वाव आहे तो यामुळेच.

एक कागद

प्रत्येक कुटुंबाने एका कागदावर पुढील माहिती लिहून ठेवावी. रुग्णाचे नाव, वय, अलीकडचे छायाचित्र, उंची व शरीरावरील ठळक खूण. आजाराचे नाव व उपचार करणाऱ्या दवाखान्याचे नाव. औषधे, त्यांचे प्रमाण व वेळा. कोणते औषध अंगास सोसत नाही. ऐकू किंवा दिसण्यास कमी आहे काय. मधुमेह, रक्तदाब यांसारखे इतर विकार. आणि संपर्कासाठी किमान तीन व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक. त्यांपैकी एक व्यक्ती गावातील व एक गावाबाहेरील असावी.

कागदाचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. रुग्ण कशाने घाबरतो, कशाने शांत होतो, कोणत्या नावाने हाक मारली असता प्रतिसाद देतो, काय आवडीने खातो, घास गिळताना ठसका लागतो काय, रात्री किती वेळा उठतो, या गोष्टी तेथे लिहाव्यात. रुग्णाची पूर्वीची घरे, माहेर, शेत, नोकरीचे ठिकाण आणि रोजचे देऊळ यांचीही नोंद करावी. ती कशासाठी, हे पुढे स्पष्ट होईल.

यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक नोंद अत्यावश्यक ठरते, ती म्हणजे भाषेची. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी मावळते आणि बालपणीची भाषा शेवटपर्यंत टिकते. कोलाम पोडावरील आजोबा आयुष्यभर बाजारात मराठी बोलले असतील, परंतु आजार वाढल्यावर केवळ कोलामीतच उत्तर देतील. गोंडी बोलणाऱ्या किंवा तांड्यावरील बंजारा वृद्धांच्या बाबतीतही असे घडू शकते. पोलिसांना किंवा परिचारिकेला हे ठाऊक नसेल, तर 'काहीच बोलत नाही' अशी चुकीची नोंद होईल. कागदावर 'कोलामी समजते' एवढे दोन शब्द असले तरी दुभाषा शोधता येईल.

या कागदाच्या तीन प्रती कराव्यात. एक घरात सहज दिसेल अशा ठिकाणी, दुसरी दुसऱ्या जबाबदार व्यक्तीजवळ आणि तिसरी संकटकाळी उचलावयाच्या पिशवीत ठेवावी. औषध बदलले की तिन्ही प्रती बदलाव्यात. घरात लिहिता येणारे कोणी नसेल, तर गावातील शिक्षक किंवा आशा कार्यकर्ती हे काम अर्ध्या तासात करून देऊ शकेल.

दुसरे माणूस आणि एक पिशवी

कागद वाचणारे माणूस रुग्णाला अगदीच परके असेल, तर त्या कागदाचा उपयोग निम्म्यावर येतो. म्हणून नात्यातील वा शेजारातील एका व्यक्तीने आठवड्यातून एखादा तास रुग्णाजवळ बसण्याचा परिपाठ ठेवावा. चेहरा विसरला गेला, तरी आवाजाची व सहवासाची ओळख राहते. या एका तासात शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीलाही थोडा विसावा मिळतो. रात्रीची झोप नाही आणि दिवसा शेताचे काम सुटत नाही, अशा स्थितीत तीच आजारी पडणे हे या घरातील सर्वात संभवनीय संकट असते. तिने आपला ताप किंवा चक्कर अंगावर काढणे, हे रुग्णाच्याही हिताचे नाही.

पिशवीत किमान सात दिवसांची औषधे, औषधांच्या चिठ्ठीची व ओळखपत्राची छायाप्रत, कपड्यांचे दोन जोड, जुनी मऊ फडकी, पाण्याची बाटली, बिस्किटे किंवा फुटाण्याचे पीठ, बॅटरी, थोडी रोख रक्कम आणि रुग्णाच्या नित्य सहवासातील एखादी वस्तू असावी. जपमाळ, जुने पांघरूण किंवा पानाचा डबा अशी वस्तू परक्या ठिकाणी मोठा आधार देते. औषधांची मुदत दर महिन्याला तपासावी.

रुग्ण घरातून निघून गेल्यास

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण निरुद्देश भटकतो असा समज आहे. वस्तुतः त्याच्या मनात बहुधा एक ठिकाण असते. ते ठिकाण मात्र आजच्या काळातील नसते. साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली वृद्धा माहेरच्या वाटेला लागते. ज्याने तरुणपणी यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील 'शकुंतला' गाडीने प्रवास केला, तो आज गाडी धावत नसतानाही स्थानकाकडे जाऊ शकेल. कागदावर जुनी ठिकाणे लिहून ठेवावयाची ती याचसाठी.

शोध प्रथम घरात, गोठ्यात व परसात घ्यावा. त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीने विहीर, नाला व तळे पाहावे, कारण तेथे मिनिटांना मोल असते. तिसऱ्याने एस.टी.च्या थांब्यावर जाऊन चौकशी करावी. पावसाळ्यानंतर कपाशी व तूर उभी असते. तूर तर माणसाच्या डोक्यावर जाते. अशा पिकात बसलेला रुग्ण पुष्कळदा हाकेला ओ देत नाही. तेव्हा बांधावरून हाका मारून परत न फिरता तासा-तासाने आत जाऊन पाहिले पाहिजे.

हा शोध चालू असतानाच पोलिसांना कळवावे. 'चोवीस तास उलटल्याखेरीज तक्रार घेत नाहीत' ही समजूत निराधार आहे. असा कोणताही नियम नाही. ११२ या क्रमांकावर ताबडतोब कळविता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या व्याख्येत स्मृतीच्या गंभीर विकाराचाही समावेश आहे. अशी व्यक्ती भटकत असताना आढळली व ती स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ दिसली, तर तिला संरक्षण देऊन तपासणीसाठी सार्वजनिक आरोग्य संस्थेत नेणे आणि तिच्या कुटुंबाचा शोध घेणे, हे कर्तव्य कायद्याच्या कलम १०० अन्वये पोलिसांवर सोपविलेले आहे.

सापडलेल्या रुग्णाला रागे भरू नये वा त्याच्याशी वाद घालू नये. समोरून सावकाश जावे, नाव सांगावे, पाणी द्यावे आणि 'चला, थोडे सावलीत बसू' असे म्हणून वळवून आणावे.

इतर देशांत या बाबतीत झालेले प्रयत्न उद्बोधक आहेत. ब्रिटनमध्ये कुटुंबाने रुग्णाची माहिती आगाऊ भरून ठेवावयाचा एक नमुना पोलिसांनी प्रचारात आणला आहे. आपल्या बालपणीच्या घराच्या शोधात निघून मृत्यू पावलेल्या जॉर्ज हर्बर्ट या माजी सैनिकाच्या नावाने तो ओळखला जातो. जपानमधील ओमुटा शहरात २००४ पासून नागरिकांची रंगीत तालीम घेतली जाते. एक स्वयंसेवक हरवलेल्या रुग्णाची भूमिका घेऊन फिरतो आणि त्याच्याशी कसे बोलावे याचा सराव दुकानदार, विद्यार्थी व शेजारी करतात. या तालमीस फार मोठा खर्च लागत नाही. आपल्या गावातही ग्रामपंचायत व शाळा यांनी मिळून ती सहज घ्यावी अशी आहे.

घराला कुलूप लावण्याचा प्रश्न

वेचणीच्या दिवसांत रुग्णाला आत ठेवून बाहेरून कुलूप लावण्याचा मार्ग काही कुटुंबे नाइलाजाने पत्करतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु रोजंदारी बुडाली तर चूल पेटत नाही, हेही खरे आहे. तरीदेखील हा मार्ग धोक्याचा आहे. आग लागल्यास किंवा रुग्ण पडल्यास सुटकेचा उपाय राहत नाही. दोन-तीन घरांनी मिळून पाळीने एका व्यक्तीस गावात ठेवणे, अंगणाला कुंपण व फाटकाला घंटा लावणे, नजरेस न येणाऱ्या उंचीवर आतून कडी बसविणे, हे उपाय अधिक सुरक्षित होत. काही काळ कुलूप लावणे अगदीच अपरिहार्य झाले, तर किल्ली शेजारी असलीच पाहिजे आणि शेजाऱ्याने मधूनमधून डोकावले पाहिजे.

घरातील कीटकनाशकांचा प्रश्न या जिल्ह्यात विशेष गंभीर आहे. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यातील अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, ही घटना सर्वांच्या स्मरणात आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला बाटलीतील औषध आणि सरबत यांतील फरक कळत नाही. कीटकनाशके, रॉकेल व फिनेल कुलपात ठेवावे. उरलेले औषध पाण्याच्या किंवा तेलाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. विषबाधेचा संशय येताच उलटी करविण्याच्या खटपटीत न पडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली दवाखान्यात बरोबर न्यावी.

रुग्ण एक-दोन दिवसांत एकाएकी फारच गोंधळला, भ्रमिष्टासारखा बोलू लागला किंवा सुस्त झाला, तर 'आजार वाढला' असे समजून स्वस्थ बसू नये. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, शरीरातील पाणी कमी होणे किंवा औषधाचा दुष्परिणाम ही त्याची कारणे असू शकतात आणि त्यांवर तातडीचे उपचार लागतात. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे किंवा बोबडी वळणे ही पक्षाघाताची लक्षणे असून त्यात क्षणाचाही विलंब करू नये.

उन्हाळा आणि पूर

मे महिन्यात यवतमाळचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तहान लागली तरी ती सांगता येत नाही. भर दुपारी तो पत्र्याच्या खोलीत घोंगडी पांघरून बसलेला आढळतो. म्हणून मागण्याची वाट न पाहता दर तासाला थोडे पाणी, ताक किंवा पन्हे द्यावे. मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या विकारामुळे वैद्यांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर ते पाळावे. अंग तापून रुग्ण बरळू लागल्यास सावलीत निजवून ओल्या कपड्याने अंग पुसावे, वारा घालावा आणि रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

जिल्ह्याच्या सीमेवरून पैनगंगा व वर्धा या नद्या वाहतात. जुलै २०२३ मधील अतिवृष्टीत महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे पुराच्या वेढ्यात लोक अडकले आणि सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागविण्यात आली होती. अशा घाईच्या वेळी गोंगाट, अंधार व अनोळखी माणसे पाहून रुग्ण जागचा हलत नाही, किंवा हलविल्यावर पुन्हा पाण्याकडे, आपल्या घराकडे परत निघतो. म्हणून इशारा मिळताच, पाणी चढण्यापूर्वी, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या कुटुंबांना सर्वांत आधी हलवावे. त्यांच्यासोबत ओळखीची एक व्यक्ती सतत असावी. बहुधा शाळा हीच निवाऱ्याची जागा असते. तेथील एक शांत, उजेडाची व शौचालयाजवळची खोली अशा कुटुंबांसाठी राखून ठेवणे मुख्याध्यापकांना शक्य आहे.

गावाने काय करावे?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते व जिल्ह्याचा आराखडा तयार केला जातो. परंतु कोणत्या घरातील आजी पायरी ओळखत नाहीत, हे जिल्ह्याच्या आराखड्यात येऊ शकत नाही. ते गावालाच ठाऊक असते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व पोलीस पाटील यांनी मिळून अशा घरांची यादी करावी, प्रत्येक घरी कागद तयार आहे काय ते पाहावे आणि प्रत्येक घरासाठी एक मदतनीस ठरवावा. एकाकी वृद्ध दांपत्यांच्या घरांना यात अग्रक्रम द्यावा. तेथे शुश्रूषा करणाराही सत्तरीचाच असतो.

एक दक्षता मात्र कटाक्षाने घ्यावी. ही यादी कुटुंबाच्या संमतीने करावी आणि ती फलकावर लावू नये वा ग्रामसभेत वाचून दाखवू नये. ज्याला आठवत नाही, त्याचा अंगठा कोणत्याही कागदावर घेता येतो, हे गैरफायदा घेणाऱ्यांनाही समजते. आजार प्राथमिक अवस्थेत असतानाच, रुग्णाला समजते आहे तोवर, त्याच्या उपचाराविषयीची इच्छा व पैशाचे व्यवहार यांची व्यवस्था त्याच्याच संमतीने करून ठेवणे श्रेयस्कर. २०१७ च्या उपरोक्त कायद्याने उपचारविषयक निर्णयांसाठी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली आहे.

मदतीचे क्रमांकही गावात ठळकपणे लिहिलेले असावेत. पोलीस व इतर तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, ज्येष्ठ नागरिकांच्या अडचणींसाठी सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत १४५६७, आणि शुश्रूषेच्या ताणाने खचलेल्या माणसाला मन मोकळे करण्यासाठी व सल्ल्यासाठी 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे. तज्ज्ञांकडून तपासणीसाठी यवतमाळ येथे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

२१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणांऐवजी गावातील प्रत्येक अशा घरी जाऊन एक कागद लिहून दिला गेला, तर तो दिन खऱ्या अर्थाने साजरा झाला असे म्हणता येईल. सुनेला साप चावला त्या सायंकाळी शेजारीण घरात येते, भिंतीवरचा कागद वाचते, ठरलेली गोळी देते आणि दाराकडे निघालेल्या म्हातारीच्या हाती कापूस ठेवते. दोघी वाती वळीत बसतात. इतके घडले, तरी पूर्वतयारीचा हेतू सफल झाला.